अर्ध्या मिलिमीटरची धमनी

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण आपण निवांत पडलेलो असतानाही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे वीस टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. मला थक्क करतं ते पुढचंच. मेंदूच्या खोल गाभ्यापर्यंत हा प्राणवायू नेणाऱ्या कित्येक धमन्या अर्धा मिलिमीटरही रुंद नसतात.

मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांमधून त्या जवळजवळ काटकोनात फुटतात आणि थेट आत घुसतात. इतरत्र धमनीला फाटे फुटत जातात तसा रक्ताचा जोर ओसरत जातो. इथे तेवढी उसंत नाही. शहराच्या मुख्य जलवाहिनीलाच घरातली बारीक नळी जोडावी, तसा प्रकार. शिवाय शेजारच्या वाहिन्यांशी त्यांचा फारसा संबंध नसतो. एक तुंबली, की तिच्या वाट्याच्या भागाला दुसरीकडून पुरेसं रक्त मिळत नाही. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला, की या धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. मग एखादी बंद पडते, एखादी फुटते. पक्षाघाताचे दोन्ही प्रकार एकाच आजारातून!

बंद पडलेल्या धमनीमागे साधारण ३ ते १५ मिलिमीटरची पोकळी उरते, तिला लॅक्यून म्हणतात. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातल्या वृद्धांच्या मेंदूंत मेंदूविकारतज्ज्ञ प्येर मारी यांनी १९०१ मध्येच या पोकळ्यांचं वर्णन केलं होतं. पण या पोकळ्यांचा खरा पिच्छा पुरवला तो बोस्टनच्या डॉ. सी. मिलर फिशर यांनी. मृत रुग्णाच्या मेंदूचे पातळ काप ओळीने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत ते एकेका धमनीचा माग काढत, ती नेमकी कुठे बुजली ते सापडेपर्यंत. हातापायांना हुकूम नेणारे तंतू इंटर्नल कॅप्सूल नावाच्या चिंचोळ्या जागेत दाटीने एकत्र येतात. तिथे एवढीशी इजा झाली तरी चेहऱ्यासकट अख्खी एक बाजू लुळी पडते आणि भाषा, समज, स्पर्श मात्र शाबूत राहतात, हे त्यांनी १९६५ मध्ये मांडलं. इजा थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागात झाली, तर ताकद टिकते आणि एक बाजू बधिर होते. तेव्हा एमआरआय नव्हता. रुग्णाला नीट तपासून, कवटीच्या आत काही मिलिमीटरची जागा हेरायची! वैद्यकातलं याहून सुंदर काम मला तरी माहीत नाही.

अर्थात, बहुतेक पोकळ्या अशी वर्दी देतच नाहीत. एमआरआयमध्ये याच धमन्यांच्या आजाराचे पांढरे डाग वाढत जातात, चाल मंदावते, हिशेब करायला वेळ लागू लागतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. या डागांचा वेग कमी करता येतो का? अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ या अभ्यासाने २०१९ मध्ये उत्तर दिलं. वरचा रक्तदाब १४० च्या खाली ठेवायचं उद्दिष्ट असलेल्या गटात सुमारे चार वर्षांत डाग सरासरी १.४५ घन सेंटिमीटरने वाढले. १२० च्या खालचं उद्दिष्ट असलेल्या गटात ०.९२ ने.