रक्त पातळ करणारी गोळी आणि पालेभाजी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखे होत नाही. गोळी सुरू केल्यावरही रक्ताचा दाटपणा तोच राहतो, फक्त ते साकळायला जास्त वेळ लागतो. या गोळ्यांबद्दलचा दुसरा आणि अधिक त्रासदायक गैरसमज स्वयंपाकघरात शिरतो. गोळी सुरू झाली की घरातली मेथी, पालक, कोथिंबीर, कधीकधी तर हिरवी मिरचीसुद्धा बंद होते.

हा नियम मुळात एकाच गटातल्या औषधांच्या संदर्भात निघाला. वॉरफेरिन आणि भारतात अधिक वापरले जाणारे असिनोकुमारॉल (रुग्णांच्या तोंडी असलेले नाव ‘असिट्रॉम’) ही त्या गटातली औषधे. रक्त साकळवणारी काही प्रथिने यकृतात तयार होतात आणि ती कामाची होण्यासाठी व्हिटॅमिन के लागते. एकदा वापरलेले हे व्हिटॅमिन शरीर एका विकराच्या मदतीने पुन्हा वापरण्याजोगे करते. औषध नेमका तोच विकर रोखते. आहारातून ताजे व्हिटॅमिन के आले की औषधाचा जोर तेवढा कमी होतो. पालेभाजीवरचा राग एवढ्यापुरता खरा आहे.

बंदीचा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. या औषधाचा डोस ठरतो तो आयएनआर या रक्ततपासणीवरून. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर 1 च्या आसपास असतो. बहुतेक रुग्णांत तो 2 ते 3 दरम्यान ठेवतात, हृदयाची मायट्रल झडप धातूची असेल तर साधारण 2.5 ते 3.5. म्हणजे डोस त्या माणसाच्या रोजच्या जेवणासकट बेतलेला असतो. आठवड्यातून तीनदा वाटीभर पालेभाजी खाणाऱ्याचा डोस त्या भाजीला धरूनच ठरतो. भाजी पूर्ण तोडली तर शरीरातला व्हिटॅमिन के चा साठा, जो मुळातच फार नसतो, आटतो. मग लग्नाच्या पंगतीत अळूची भाजी दोनदा वाढून घेतली तरी आयएनआर हलू शकतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथील संशोधकांनी 2007 मध्ये कारणाशिवाय आयएनआर वरखाली होणाऱ्या रुग्णांना रोज 150 मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के दिले, तेव्हा तो अधिक स्थिर झाला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत असा लाभ दिसला नाही, त्यामुळे ही पूरक गोळी सरसकट देत नाहीत. पण व्हिटॅमिन के म्हणजे शत्रू, ही समजूत या प्रयोगाने खोटी ठरवली.

खरी अडचण येते अचानक बदलाने. थंडीत मेथी स्वस्त झाली म्हणून रोज मेथी, किंवा कोणीतरी सांगितले म्हणून सकाळी पालकाचा रस, असे सुरू झाले की औषध कमी पडू लागते आणि गुठळीचा धोका वाढतो. उलट नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणे यांवर काढले तर आयएनआर वर जाऊन रक्तस्राव होऊ शकतो. उपवास, डाएट किंवा दीर्घ प्रवास ठरला असेल तर डॉक्टरांना आधी सांगून तपासणी लवकर करून घ्यावी.

रंग पाहून भाजी टाळणेही चूक. 100 ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे 480 मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असते, कोथिंबिरीत 310, कोबीत 75, भेंडीत 30, मटारात 25 आणि सालासकट काकडीत जेमतेम 16. म्हणजे कोबी फिकट असूनही हिरव्यागार मटारापेक्षा पुढे आहे. आमटीवर भुरभुरलेल्या चमचाभर कोथिंबिरीने काहीही बिघडत नाही. अख्खी जुडी चिरून केलेल्या कोथिंबीरवडीचा हिशेब वेगळा. तेलाकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. सोयाबीन तेलात व्हिटॅमिन के बऱ्यापैकी असते, शेंगदाणा तेलात जवळजवळ नसते.

भाजी उकळून पाणी फेकले की काम झाले, असेही मानतात. हे व्हिटॅमिन पाण्यात विरघळत नाही आणि शिजवण्याच्या उष्णतेने फारसे नष्ट होत नाही. फोडणीच्या तेलाने ते उलट अधिक शोषले जाते. भाजी दुपारी आणि गोळी रात्री, या अंतराचाही उपयोग नाही, कारण दोघांचा परिणाम यकृतात होतो आणि जेवणाच्या वेळेपुरता राहत नाही. आयएनआर वाढलेला दिसला म्हणून पालक खाऊन तो उतरवणे तर उघड जुगार आहे. डोस थांबवायचा की व्हिटॅमिन के द्यायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सॅबॅन आणि अ‍ॅपिक्सॅबॅन ही नवी औषधे व्हिटॅमिन के च्या वाटेला जातच नाहीत. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तबिंबिकांवर काम करतात. ही औषधे घेणाऱ्याने पालेभाजी सोडण्याचे कारणच नाही, तरीही अँजिओप्लास्टीनंतर मेथी सोडणारे पुष्कळ आढळतात. मग सगळ्यांनाच नवी औषधे का देत नाहीत? धातूची झडप असलेल्यांमध्ये 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅबिगॅट्रानच्या चाचणीत गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. संधिवातज्वराने झडपा बिघडून हृदयाचे ठोके अनियमित झालेल्या रुग्णांत 2022 च्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हरॉक्सॅबॅनपेक्षा जुनी औषधेच सरस ठरली. भारतात असे रुग्ण अजूनही खूप असल्याने जुन्या गोळ्या आणि त्यांच्याभोवतीची पथ्ये इथे टिकून आहेत.

आयएनआर बिघडला की घरचे आधी भाजीकडे बोट दाखवतात. पुष्कळदा खरे कारण औषधाच्या पाकिटात सापडते: जुलाबांसाठी घेतलेले मेट्रोनिडॅझोल, लघवीच्या संसर्गासाठी दिलेले कोट्रायमॉक्सॅझोल. कावीळ, दारू किंवा चुकलेला डोसही पुरेसा असतो. दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी तर पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वेगळाच वाढवते. हिरड्यांतून वारंवार रक्त, लाल लघवी, डांबरासारखी काळी शौच किंवा डोक्याला मार यांपैकी काहीही झाले, तर आहाराची चर्चा बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे लागते.