तिकाटीवरचं इंजिन

मोटारीचं इंजिन गाडीबाहेर काढणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना ते विहिरीतून कळशी वर काढण्याइतकं सोपं वाटण्याची शक्यता आहे. आम्हालाही तसंच वाटलं होतं. म्हणून तर आम्ही खरोखरच विहिरीवरचं चाक आणलं!

गोष्ट कोल्हापुरातली, १९८८ सालच्या मे महिन्यातली. आमच्याकडे दोन मालकांनी वापरून झालेली प्रीमिअर पद्मिनी होती. मूळची ही इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. कागदोपत्री नाव काहीही असलं, तरी घराघरांत ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. तर आमची फियाट ऑइल प्यायला लागली. मागून निळा धूर आणि जरासा चढ आला की दम. इंजिन उतरवून बोअर करावं लागेल, पिस्टन बदलावे लागतील, असं निदान झालं. गॅरेजवाल्याने नुसतं इंजिन उतरवण्या-चढवण्याचे सहाशे रुपये सांगितले. वडिलांचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं. सहाशे रुपयांत महिन्याचं दूध आणि मुलांची पुस्तकं येतात, हा हिशेब आईने तिथल्या तिथे मांडला आणि काका पुढे सरसावले. ‘त्यात काय आहे? घरीच उतरवू.’

काका एका पतसंस्थेत कारकून होते, पण हात मिस्त्रीचा. घरातला रेडिओ, शिलाई मशीन, शेजाऱ्यांच्या सायकली, सगळं तेच दुरुस्त करायचे. संध्याकाळी पेटी घेऊन बसायचे. पेटीवर त्यांची बोटं अशी फिरायची की रस्त्याने जाणारा माणूस क्षणभर थबकायचा.

बॅटरीची वायर सोडवली, बॉनेट काढलं, पाणी सोडून रेडिएटर बाजूला ठेवला. प्रत्येक वायरला मी कागदाची चिठ्ठी बांधली. गिअरबॉक्स खालून सुटा केला. आता इंजिन फक्त माउंटिंगवर बसलेलं. ते वर घ्यायचं कसं? पहिला विचार सोप्यावरच्या तुळईचा आला. आजीने तो तिथेच मोडून काढला. मग परसातला आंबा दिसला. गावाकडच्या विहिरीवर पंप बसल्यापासून मोटेचं चाक अडगळीत पडून होतं. काकांनी ते एसटीच्या टपावरून आणलं, जाड फांदीला बांधलं, त्यावरून मोटेचा जुना नाडा टाकला. आम्ही चौघांनी ओढायला सुरुवात केली. इंजिन वीतभर उचललं आणि फांदी करकरली.

आवाज ऐकून गल्लीतले एक वयस्कर मिस्त्री कुंपणापाशी आले. त्यांनी आधी इंजिन खाली ठेवायला लावलं आणि मग काकांना विचारलं, ‘फांदीवर वजन किती आलंय म्हणता?’

‘इंजिनाचं आहे तेवढं.’

‘न्हाई. दुप्पट.’

त्यांनी जमिनीवर काडीने आकृती काढली. दोराचं एक टोक इंजिन ओढतं आणि दुसरं टोक आपण तेवढ्याच जोराने ओढतो. दोन्ही ओढी चाकावर, म्हणजे पर्यायाने फांदीवर येतात. वर बांधलेलं एकटं चाक वजन कमी करत नाही, फक्त ओढायची दिशा बदलतं. मोटेला ते चालतं, कारण चाकाखाली दणकट लाकडं रोवलेली असतात आणि ओढायला बैल असतात. शाळेत मी कप्पीचा धडा पाठ केला होता, मार्कही मिळवले होते. पण तो धडा मला त्या दिवशी समजला.

मिस्त्रींच्या सांगण्यावरून चेनकप्पी भाड्याने आणली. हातभर साखळी ओढावी तेव्हा वजन बोटाच्या जाडीइतकं वर येतं. ओढण्याची लांबी वाढवायची आणि जोर वाचवायचा, हा सगळा सौदा. शिवाय साखळी हातातून सोडली तरी आतला ब्रेक वजन धरून ठेवतो. दोराला ही सोय नाही. तीन जाड दहा फुटी पाइप आणून त्यांची तिकाटी केली, माथ्यावर बोल्टने आवळली. गाडी सारवलेल्या अंगणातून ढकलत पुढच्या शहाबादी फरशीवर आणली, कारण तिथे ती सहज ढकलता येते. तिकाटीखालून इंजिन हलवायचं नसतं. इंजिन वर टांगायचं आणि गाडीच मागे काढायची. मिस्त्रींनी तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना जखडायला सांगितलं. ‘डोक्याचं मागनं बघा, आदी पायाचं बघा,’ असं बजावून ते जेवायला गेले.

आम्ही पाय जखडले. पण गाडी मावावी म्हणून ते बरेच फाकवावे लागले होते. चेनकप्पीने इंजिन अलगद वर आलं. गाडी मागे ढकलायची, तर चाकांच्या आड पायांमधली साखळी! काका म्हणाले, ‘दोन मिनिटांचं काम आहे’ आणि त्यांनी ती एका बाजूने सोडली.

पाय फाकवलेल्या तिकाटीचं गणित मी पुढे इंजिनिअरिंगला असताना मांडलं. पाय उभ्या रेषेशी तीस अंशांत असेल, तर तो वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतक्या जोराने बाहेर सरकू पाहतो. पंचेचाळीस अंशांवर हा जोर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यावर जातो. त्याला अडवणारं असतं फक्त फरशीचं घर्षण, आणि आमच्या फरशीवर सकाळपासून ऑइल सांडलेलं होतं.

एक पाय सरकला. इंजिन फूटभर खाली आलं आणि खाली ठेवलेल्या जुन्या टायरच्या कडेवर आदळलं. झोका खाऊ नये म्हणून काकांनी त्याला उजवा हात लावला होता. सगळं एका श्वासात झालं. मधल्या बोटाचं पहिलं पेर गेलं.

दवाखान्यातून आल्यावर काका पहिलं वाक्य बोलले, ते वडिलांशी. ‘दादा, सहाशेच्या वर गेलं हो.’ वडील काहीच बोलले नाहीत. आई आत जाऊन रडली.

इंजिन शेवटी मिस्त्रींनीच घेतलं. त्यांनी गाडी पुन्हा मातीच्या अंगणात आणली, तीन खड्डे केले, प्रत्येकात फळीचा तुकडा टाकला आणि पाय त्यात रोवले. गाडी निघायची ती बाजू मोकळी ठेवून उरलेल्या दोन बाजूंना साखळी बांधली. इंजिनाला दोन ठिकाणी अडकवलेली साखळी त्यांनी मुद्दाम लांब घेतली. साखळीचे दोन फाटे एकमेकांशी साठ अंशांत असले, तर प्रत्येकावर वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त ताण येतो. कोन एकशेवीस अंशांचा झाला, की प्रत्येक फाट्यावर पुरं वजन येतं. आखूड साखळी तुटते ती यामुळे. टांगलेल्या इंजिनाखाली त्यांनी कुणालाही हात घालू दिला नाही. खालचा बोल्ट बघायला मी वाकलो, तर पाठीत धपाटा बसला. त्यांनी मजुरी घेतली नाही. ‘मी जेवाय गेलो ते चुकलं,’ एवढंच म्हणाले.

आता दिवस बदलले. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. गॅरेजमध्ये घडी घालता येणारी हायड्रॉलिक क्रेन आली, ती भाड्यानेही मिळते. तिच्यातही मेख आहेच. दोन टनी क्रेनचा हात पुरता लांब केला, की ती साधारण अर्ध्या टनाचीच उरते. तरीही झाडाखाली तिकाटी उभी करून काम करणारी पोरं आजही हायवेच्या कडेला दिसतात. त्यांच्या हुन्नराचं मला कौतुक आहे. ज्याच्याकडे पैसा नाही, त्याने डोकं चालवू नये तर काय करावं? ‘जुगाड’ म्हणून त्याला हसणाऱ्यांनी कधी महिन्याच्या दुधाशी सहाशे रुपये ताडून पाहिलेले नसतात. पण काटकसर पाइपात करावी, लोखंड भंगारातलं घ्यावं, चेनकप्पी भाड्याने आणावी. पायाची साखळी मात्र सोडू नये. ती सगळ्यांत स्वस्त वस्तू होती, आणि नेमकी तीच आम्ही ‘दोन मिनिटांसाठी’ सोडली.

काका वर्षभर पेटीला शिवले नाहीत. मग एका गणपतीत आजीने हट्टच धरला. आरतीला त्यांनी पेटी ओढली. मधलं बोट टाळून शेजारच्या बोटावर सूर घेत, अडखळत, पण त्यांनी आरती पुरी केली. पुढे ते तसंच वाजवायला शिकले. अनोळखी माणसाला फरक कळत नसे. आम्हाला कळायचा. एखादी तान यायच्या जागी ते क्षणभर थांबायचे, आणि वडील त्या वेळी खिडकीबाहेर पाहायचे.