सास्तूरला भूकंप किती वेगाने पोहोचला?

30 सप्टेंबर 1993 ची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून गावं नुकतीच झोपली होती. लातूरमधल्या किल्लारीबरोबर धाराशिवमधलं सास्तूरही उद्ध्वस्त झालं. त्या भूकंपावर आजही गावोगाव बोलणं निघतं आणि त्यात वेगाचे आकडे हमखास चुकतात. बहुतेक चुका एककांच्या आहेत.

गैरसमज : ‘6.2 चा भूकंप’ म्हणजे त्याचा वेग.
अजिबात नाही. भूकंपात किती ऊर्जा मोकळी झाली, त्याचं ते माप आहे. त्याला ना किलोमीटर, ना सेकंद. त्याचं वेगात रूपांतर होतच नाही.

गैरसमज : लहर ‘6 च्या वेगाने’ येते, म्हणजे पळून जायला वेळ मिळतो.
हा 6 आकडा सेकंदाला किलोमीटरचा आहे. आपल्याला सवय तासाच्या हिशेबाची, म्हणून तो किरकोळ वाटतो. तासात 3600 सेकंद असतात, तेव्हा 6 गुणिले 3600, म्हणजे ताशी 21,600 किलोमीटर. भूकंपाची पहिली लहर कठीण खडकातून साधारण एवढ्या वेगाने धावते. मागून येणारी दुसरी लहर, जी जमीन आडवी हलवते आणि जास्त नासधूस करते, ती सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटर, म्हणजे ताशी 12,600. हवेतला आवाज सेकंदाला 340 मीटर, ताशी 1,224.

सोलापूर किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यापासून सरळ रेषेत अंदाजे 75 किलोमीटर. पहिली लहर तिथे साडेबारा सेकंदांत जाते, दुसरी एकवीस सेकंदांत. मध्ये नऊएक सेकंद मिळतात. भूकंपाची आगाऊ सूचना देणाऱ्या यंत्रणा याच फरकावर चालतात. पण उगमापासून दहा किलोमीटरवरच्या गावाला हा फरक जेमतेम एक-सव्वा सेकंद मिळतो. अंथरुणातून उठेपर्यंत तो संपलेला असतो. ‘जाग आली असती तर वाचले असते’ हे बोल ज्यांनी स्वतःला लावून घेतले, त्यांनी हा हिशेब जरूर पाहावा. दोष त्यांचा नव्हता.

गैरसमज : सेकंदाचं तासात करायचं, म्हणजे 60 ने गुणायचं.
60 ने गुणलं की मिनिटाचा वेग मिळतो. तासासाठी पुन्हा 60 ने गुणावं लागतं. मीटरचे किलोमीटर करताना 1000 ने भागायचं. 3600 भागिले 1000 म्हणजे 3.6. म्हणून सेकंदाला 10 मीटर वारा म्हणजे ताशी 36 किलोमीटर. उलट जायचं तर 3.6 ने भागा. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर, ‘ताशी’ त्यात आधीच आहे, म्हणून ‘ताशी 40 नॉट’ म्हणू नये.

गैरसमज : लहर ताशी हजारो किलोमीटरने आली, म्हणजे जमीनही त्याच वेगाने हलली.
हा सगळ्यात मोठा घोटाळा. लहरीचा वेग वेगळा आणि पायाखालची जमीन मागेपुढे होण्याचा वेग वेगळा. जोरदार भूकंपात जमीन सेकंदाला 50 सेंटिमीटरच्या आसपास वेगाने हलू शकते. त्याचं रूपांतर करा : सेकंदाला अर्धा मीटर, गुणिले 3.6, म्हणजे ताशी 1.8 किलोमीटर. म्हातारा माणूसही याहून भराभर चालतो.

मग घरं का पडली? कारण हा वेग क्षणात दिशा बदलतो. पाव सेकंदात जमीन सेकंदाला 50 सेंटिमीटर या उजवीकडच्या वेगावरून तेवढ्याच डावीकडच्या वेगावर आली, तर एक मीटर प्रति सेकंदाचा फरक पाव सेकंदात पडला. सेकंदाच्या हिशेबाने तो दर सेकंदाला 4 मीटर प्रति सेकंद होतो, गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 40 टक्के. म्हणजे माळवदावर एक टन माती असेल, तर 400 किलो वजनाइतका आडवा हिसका भिंतीला बसतो, तोही एकदा इकडून, एकदा तिकडून. या भागातल्या भिंती जाडजूड, दगड-मातीच्या. आतला आणि बाहेरचा थर वेगळा, मध्ये भर टाकलेली. वरून येणारा भार त्या पिढ्यान्‌पिढ्या पेलत होत्या. आडवा हिसका पेलायला दोन थरांना बांधणारं त्यांत काही नव्हतं. थर सुटले आणि वरचं माळवद झोपलेल्यांवर आलं. म्हणूनच मधल्या आकाराच्या या भूकंपाने हजारो माणसं नेली.

आपली भूपट्टी वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर सरकते. एक किलोमीटर जायला वीस हजार वर्षं. म्हणून ती निरुपद्रवी, असंही लोक समजतात. पण त्याच रेट्याचा ताण दख्खनच्या पोटातल्या जुन्या भेगांवर साचत राहतो.

दगड-मातीचं घर अजून वापरात असेल, तर माळवदावरची माती कमी करून घ्या. भिंतीचे दोन्ही थर जोडणारे आरपार दगड आहेत का आणि चारही भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा गेला आहे का, हे जाणत्या गवंड्याकडून किंवा अभियंत्याकडून या उन्हाळ्यातच पाहून घ्या.