एक कोटी स्लिपांचा कोश

डेक्कन कॉलेजच्या दोनशे वर्षांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. १८२१ साली विश्रामबागवाड्यातल्या पाठशाळेपासून सुरू झालेला हा प्रवास आज येरवड्यातल्या दगडी इमारतीत पुरातत्त्व आणि भाषाशास्त्राच्या संशोधनापर्यंत आला आहे. तो इतिहास ग्रंथांत सापडतो. मी रमलो ते मात्र संस्कृत कोश विभागाच्या स्क्रिप्टोरियममध्ये, म्हणजे स्लिपा ठेवलेल्या दालनात.

तिथल्या लोखंडी कपाटांत, खणाखणांत, हाताने लिहिलेल्या सुमारे एक कोटी स्लिपा आहेत. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली संस्कृत कोशाचं हे काम हाती घेतलं. बोथलिंक आणि रोथ यांचा संस्कृतचा सात खंडांचा जर्मन कोश १८७५ मध्येच पूर्ण झाला होता, पुण्याच्या वामन शिवराम आपट्यांचा १८९० मध्ये आला होता. कत्र्यांना हवा होता तो प्रत्येक शब्दाचा कालक्रमाने मांडलेला इतिहास, ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासारखा. त्यासाठी ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले गेले. वेद, व्याकरण, वैद्यक, गणित, वास्तुशास्त्र अशा ६२ ज्ञानशाखांतले. ते वाचून स्लिपा करण्यातच पंचवीस वर्षं गेली.

एका स्लिपेवर शब्द, त्याचं व्याकरण, तो ज्या वाक्यात आला ते अवतरण आणि ग्रंथातला नेमका संदर्भ. ‘अग्नि’चा गठ्ठा सोडला की काम किती अवघड आहे ते कळतं. ऋग्वेदात अग्नी ही देवता, आयुर्वेदात अन्न पचवणारी शक्ती, ज्योतिषाच्या ग्रंथात तीन ही संख्या. संपादक गठ्ठ्यातल्या स्लिपा काळानुसार लावतो, मूळ ग्रंथ उघडून प्रत्येक अवतरण ताडून पाहतो, टीकाकार काय म्हणतात ते बघतो आणि मगच अर्थाच्या पायऱ्या ठरवतो. शंका राहिली तर नोंद पुढे जात नाही. ही शिस्त पाहून माझा आदर दुणावला.

पहिला भाग डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ साली निघाला. तो धरून पस्तीसएक भाग, सहा हजारांवर पानं झाली आणि कोश अजून ‘अ’मध्येच आहे. यात आळस नाही. नकारार्थी ‘अ’ जवळजवळ कुठल्याही नामाला लागतो. शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे सगळे उपसर्ग याच अक्षरात येतात.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कागद जुना होतोय, शाई फिकी पडतेय. स्लिपांचं स्कॅनिंग झालं आहे, ‘कोशश्री’ या संगणकप्रणालीमुळे शोधणं आणि मांडणंही सोपं झालं आहे. पण ‘अग्नि’ इथे देव की जठराग्नी की तीन, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. त्यासाठी व्याकरण पक्कं हवं, न्यायशास्त्राची आणि वैद्यकाची परिभाषा कळायला हवी, टीका सरळ वाचता यायला हवी. हे वर्गात शिकून पुरत नाही, जाणत्या संपादकाशेजारी बसून वर्षानुवर्षं हात बसावा लागतो. जाणता माणूस निवृत्त होण्याआधी त्याच्याशेजारी कुणी तरुण बसलेला नसेल, तर ती समज त्याच्याबरोबरच जाते.

अशा कामाला वार्षिक अनुदानाच्या हिशेबात मोजून चालत नाही. संपादकांच्या कायम जागा भरल्या गेल्या पाहिजेत, नव्या पिढीला पोट भरेल असं वेतन मिळालं पाहिजे. आणि संस्कृत घेऊन एम.ए. करणाऱ्या मुलामुलींनी एकदा तरी येरवड्याला जाऊन या स्लिपा हाताळाव्यात. ‘आ’पासून ‘ह’पर्यंतचं काम त्यांनाच करायचं आहे.