मावळत्या उजेडातला नेम : धनुष्याची ‘साइट’ निवडताना

जालना : डिसेंबर महिन्यात जालन्यात सहाच्या आधीच सूर्य मावळतो आणि पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत मैदानावरचा उजेड ओसरतो. शाळा, महाविद्यालय किंवा नोकरी आटोपून धनुष्य हाती घेणाऱ्याच्या वाट्याला नेमकी हीच वेळ येते. पन्नास मीटरवरचा पिवळा गोल राखाडी दिसू लागतो, नेम धरण्याची पिन काळवंडते आणि बाण कोठे लागला हे दुर्बिणीतूनही कळेनासे होते. मग ‘अंधुक प्रकाशासाठी खास’ अशी जाहिरात असलेली साइट इंटरनेटवर शोधली जाते. ती मागविण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अशा बहुतेक साइट खेळाडूसाठी नव्हे, तर अमेरिकेतल्या शिकाऱ्यासाठी बनविलेल्या असतात.

अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीची मुभा सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते. हरणे चरायला बाहेर पडतात तीही त्याच संधिप्रकाशात. त्यामुळे तेथील उत्पादकांची सारी चढाओढ त्या दोन अर्ध्या तासांसाठी चाललेली असते. चमकणाऱ्या तंतूंच्या पिना, बॅटरीवरचे छोटे दिवे, अंतर मोजणारी यंत्रे, सारे काही त्यातूनच आलेले आहे.

जालना जिल्ह्यात या वापराला जागा नाही. रोही आणि रानडुकरे सोयाबीन, मका, तुरीची नासाडी करतात, हे खरे. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीस मनाई केली आहे. बंदूक नाही, आवाज नाही, म्हणून बाणाने केलेली शिकार कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा कोणाचा समज असेल तर तो निराधार आहे. याच अधिनियमातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. जनावराला मारणेच नव्हे, तर तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच ठरते. २०२२ मध्ये झालेली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेली दुरुस्ती पाहता, या गुन्ह्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. पिकांचे नुकसान करणाऱ्या ठराविक प्राण्यांबाबत कलम ११ खाली अधिकृत अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. मात्र ती परवानगी म्हणजे ज्याला वाटेल त्याने धनुष्य घेऊन रात्री बांधावर उभे राहण्याची मोकळीक नव्हे.

तेव्हा उरतो तो खेळ, आणि त्याचे आकर्षण वाढते आहे. शेजारच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी हे दोघे वैयक्तिक विजेते ठरले. ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळविले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाला आहे. साहजिकच महागडे साहित्य घेण्याचा प्रश्न आता लहान शहरांतल्या पालकांपुढेही येऊ लागला आहे.

अंधार नेमका कोठे होतो?

कंपाउंड धनुष्यावर नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. पहिली, प्रत्यंचेत बसविलेली बारीक छिद्राची चकती. खेळाडू तिला ‘पीप’ म्हणतात. दुसरी, धनुष्याच्या मुठीपुढे असलेली साइट, म्हणजे पिन किंवा भिंग. तिसरे, अर्थातच, लक्ष्य. उजेड कमी झाला की बहुतेकांचे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जाते आणि जाहिरातीही तिच्याच असतात. प्रत्यक्षात आधी अंधारते ते बहुधा पीप.

त्याचे कारण साधे आहे. भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन ते चार मिलिमीटर असते. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत विस्फारते. डोळ्याने असा दरवाजा उघडला, तरी त्यापुढे तीन मिलिमीटरचे छिद्र असेल तर आत येणारा प्रकाश त्या छिद्राएवढाच. छिद्राचा व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होते. म्हणजे पाव इंचाच्या पीपमधून एक अष्टमांश इंचाच्या पीपपेक्षा चौपट उजेड येऊ शकतो, अर्थात बाहुली तेवढी उघडलेली असेल तर. पीपची किंमत साइटच्या मानाने किरकोळ असते, हेही येथे सांगायला हवे.

मोठ्या छिद्राने नेम ढिला पडतो, अशी तक्रार असते आणि ती अगदीच खोटी नाही. लहान छिद्रातून पिन आणि लक्ष्य दोन्ही अधिक रेखीव दिसतात. मात्र साइटभोवतीचे गोल कडे आणि पीपचे वर्तुळ डोळ्याला एकमेकांत नेमके बसलेले दिसेल असा मेळ घातला, तर मोठ्या पीपनेही मध्य चुकत नाही. पीप बदलले की कड्याचा आकारही तपासावा लागतो, तो यासाठी.

रिकर्व्ह धनुष्यावर पीपला परवानगीच नाही. त्यामुळे रिकर्व्ह खेळणाऱ्याला संधिप्रकाशाचा त्रास तुलनेने उशिरा जाणवतो.

चमकणारी पिन

‘फायबर ऑप्टिक’ पिन स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही. रंगीत प्लॅस्टिकचा हा तंतू आपल्या लांबीभर पडणारा प्रकाश गोळा करतो आणि टोकाशी सोडतो. म्हणूनच चांगल्या साइटमध्ये कित्येक इंच तंतू गुंडाळून ठेवलेला असतो. तंतू जितका लांब आणि उघडा, तितके टोक तेजस्वी. पूर्ण अंधारात मात्र तो निर्जीव होतो. विकत घेताना पिनेच्या टोकापेक्षा ही गुंडाळी पाहावी.

रंगाचाही विचार हवा. उजेड मंदावला की डोळ्याची संवेदनशीलता तांबड्याकडून हिरव्या-निळ्याकडे सरकते. चेक शरीरशास्त्रज्ञ पुरकिन्ये याने हे एकोणिसाव्या शतकात नोंदविले होते. तिन्हीसांजेला तांबडी पिन आधी विझल्यासारखी वाटते आणि हिरवी टिकून राहते, ती यामुळेच.

आता जाडी. बाजारात ०.०१०, ०.०१९ आणि ०.०२९ इंच व्यासाच्या पिना मिळतात. पिन डोळ्यापासून सुमारे पाऊण मीटर अंतरावर आहे असे धरले, तर पन्नास मीटरवर सर्वांत जाड पिन जवळपास पाच सेंटिमीटर भाग झाकते, मधली सव्वातीन आणि सर्वांत बारीक पावणेदोन सेंटिमीटर. कंपाउंडच्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ आठ सेंटिमीटरचे असते. हरणाच्या छातीवर नेम धरणाऱ्या शिकाऱ्याला पाच सेंटिमीटर खपून जातात. दहासाठी झगडणाऱ्या खेळाडूला नाहीत. त्यातही विस्फारलेल्या बाहुलीला फार तेजस्वी ठिपका फुगलेला दिसतो, आणि बारीक पिन घेऊनही लक्ष्य झाकले जाते. ‘सर्वाधिक तेजस्वी’ हे जाहिरातीतले विशेषण खेळाडूने जरा सावधपणेच वाचलेले बरे.

दिवा साइटवर नको, मैदानावर

पिनेवर बॅटरीचा दिवा लावण्याचा मोह होतो. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमांनुसार स्पर्धेत साइटवर विजेचे किंवा इलेक्ट्रॉनिक साधन चालत नाही. अंतर मोजणारी साइटही बाद ठरते. कंपाउंडला भिंग आणि पाणसळ चालते, रिकर्व्हला दोन्ही नाही. फायबर तंतूला परवानगी आहे, परंतु नेम धरताना एकच प्रकाशित बिंदू दिसला पाहिजे. त्यामुळे चार-पाच पिनांची शिकारी साइट हौसेने घेतली, तरी स्पर्धेच्या दिवशी ती उतरवावी लागण्याची शक्यता असते. सरावाची साइट वेगळी आणि स्पर्धेची वेगळी, हा खर्च कोणालाच परवडणारा नाही. शिकारी साइटमध्ये कधी ट्रिटियमही असते. ते किरणोत्सारी असून अशा वस्तूंचे नियमन आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ करते.

मैदानावर दिवा लावला तर बराचसा प्रश्न सुटतो, पण तोही जागा पाहून. केवळ लक्ष्य उजळले आणि तिरंदाज अंधारात राहिला, तर फायबर तंतूला गोळा करायला प्रकाशच मिळत नाही. अशा वेळी उजळ लक्ष्यासमोर पिन काळी छाया म्हणून दिसते, आणि भिंगावरचा साधा काळा ठिपका किंवा कडे उलट अधिक कामाला येते. तिरंदाजाच्या मागून वा डोक्यावरून सौम्य दिवा असेल तर तंतूही चमकतो. समोरून डोळ्यांत येणारा झोत मात्र सगळ्यावर पाणी फिरवतो.

खरेदीपूर्वी एक चाचणी बिनखर्चाची आहे. सूर्यास्तानंतर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली आणि धनुष्याला बाण न लावता, प्रत्यंचा खेचून फक्त पाहावे. मात्र ती सुटू न देता सावकाश परत आणावी, कारण रिकाम्या धनुष्याची प्रत्यंचा सुटली तर धनुष्य मोडू शकते. दर पाच मिनिटांनी पाहताना आधी काय दिसेनासे होते, ते टिपून ठेवावे. पीपच्या आत काळोख झाला आणि पीपबाहेरून लक्ष्य दिसत असेल, तर पीप बदलावे. लक्ष्य दिसते पण पिन हरवते, असे झाले तर लांब तंतूची, हिरवी, बारीक पिन पाहावी. आणि पीप न वापरता नुसत्या डोळ्यांनीही लक्ष्य किंवा त्यामागचा मातीचा बंधारा दिसत नसेल, तर कोणतीही साइट उपयोगाची नाही. त्या वेळी मैदानावर दिवा हवा किंवा धनुष्य पेटीत ठेवायला हवे.