पहिली मॅरेथॉन : खरी परीक्षा ३० किलोमीटरनंतर

२००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने अनेक शहरवासीयांना धावण्याची ओढ लावली. मात्र ४२.१९५ किलोमीटरचे अंतर केवळ जिद्दीच्या बळावर पार होत नाही. स्नायू व यकृतात साठलेले ग्लायकोजेन साधारणतः ३० किलोमीटरच्या आसपास संपत येते. पाय जड होतात, वेग मंदावतो. मुंबईत पेडर रोडचा दमछाक करणारा चढही शर्यतीच्या उत्तरार्धातच लागतो.

म्हणूनच १० किलोमीटर सहज धावता येऊ लागल्यावरही आणखी चार-पाच महिन्यांची तयारी हवी. आठवड्यातून एकदा लांब पल्ल्याचा सराव करावा. त्याचा वेग सोबत्याशी बोलता येईल इतका संथ असावा. अशा सरावाने शरीर इंधन म्हणून मेदाचा अधिक वापर करू लागते आणि ग्लायकोजेन पुरवून वापरले जाते. सुमारे ३० किलोमीटरचा सर्वांत मोठा पल्ला शर्यतीच्या तीन आठवडे आधी पूर्ण करावा. त्यानंतर सराव कमी करीत जावा.

पाणी तहानेनुसारच प्यावे. त्याच्या अतिरेकाने रक्तातील सोडियम घटून जिवावर बेतू शकते. छातीत दुखल्यास वा भोवळ आल्यास थांबावे आणि त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी. शर्यत पुन्हाही धावता येते.