एम्सचा फ्रेंच वकील

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत काउंट व्हिन्सेंट बेनेदेत्ती या फ्रेंच वकिलाचें नांव आलेंच तर एका दिवसापुरतें येतें. तो दिवस म्हणजे १३ जुलै १८७०. प्रशियाच्या वृद्ध राजाशीं धिटाईनें वागून ज्यानें युद्ध ओढवून घेतलें तो हा मनुष्य, अशी समजूत त्या वेळीं जर्मनींत पसरली. आणि फ्रान्समध्येंही पराभवानंतर दोषाचा मोठा वांटा त्याच्या पदरीं आला.

१८१७ सालीं कॉर्सिका बेटावरील बास्तिया येथें जन्मलेला बेनेदेत्ती कैरो, पालेर्मो, कॉन्स्टँटिनोपल अशा पायऱ्या चढत १८६४ सालीं बर्लिनला वकील म्हणून आला. तेथें त्याची गांठ बिस्मार्कशीं पडली. १८६६ सालीं प्रशियानें ऑस्ट्रियाचा पराभव केल्यावर तिसऱ्या नेपोलियनला आपल्या तटस्थतेचा मोबदला हवा होता. लक्झेंबर्ग व बेल्जम फ्रान्सला मिळावे अशा तहाचा खर्डा बेनेदेत्तीनें स्वहस्तें लिहिला आणि तो कागद बिस्मार्कपाशीं राहूं दिला. त्याच्या कारकीर्दींतील खरी चूक हीच. बिस्मार्कनें तो जपून ठेवला.

पुढें स्पेनच्या रिकाम्या सिंहासनावर होहेनझोलर्न घराण्यांतील लिओपोल्ड बसणार, ही बातमी जुलै १८७० च्या आरंभीं पॅरिसला पोंचली. दोन्ही सरहद्दींवर एकच घराणें येणार, या कल्पनेनें फ्रान्स खवळला. राजा विल्यम तेव्हां एम्स येथें झऱ्यांच्या पाण्यासाठीं गेला होता. बेनेदेत्तीला तिकडे धाडण्यांत आलें. त्यानें संयमानें बोलणीं केलीं. १२ जुलैस लिओपोल्डची उमेदवारी मागें घेतली गेली. फ्रान्सची सरशी झाली होती!

परंतु परराष्ट्रमंत्री ग्रामाँ याचें तेवढ्यानें समाधान होईना. अशा उमेदवारीस पुन्हां कधींही संमति देणार नाहीं, असें वचन राजाकडून घ्यावें, असा हुकूम तारेनें सुटला. धन्याचा निरोप पोंचविणें हें वकिलाचें कामच. १३ तारखेस सकाळीं फिरावयास निघालेल्या राजापुढें बेनेदेत्तीनें ती मागणी ठेवली. राजानें सभ्यपणें, पण ठाम नकार दिला. नंतर लिओपोल्डच्या माघारीस दुजोरा मिळतांच आपल्या अंगरक्षक अधिकाऱ्याकरवीं त्यानें तसें कळविलें व अधिक सांगण्यासारखें कांहीं नाहीं, असा निरोप दिला. दुसऱ्या दिवशीं स्टेशनवर उभयतांची भेट झाली ती सौजन्यानेंच.

या हकीकतीची तार बिस्मार्कला बर्लिनमध्यें मिळाली तेव्हां सेनापति मोल्टके व युद्धमंत्री रून त्याच्याबरोबर भोजनास बसले होते. बिस्मार्कनें तारेंत पदरचें कांहीं घातलें नाहीं. मधला मजकूर तेवढा गाळला. उरलेल्या शब्दांवरून राजानें वकिलाला भेटीवांचून धुडकावलें, असा भास होई. भरींत भर म्हणजे जर्मन भाषेंतील ‘अ‍ॅड्ज्युटंट’ हा राजाच्या निकटचा बडा अधिकारी. फ्रेंचमधील त्याच रूपाच्या शब्दाचा अर्थ मात्र कनिष्ठ लष्करी हुद्देदार. आपल्या वकिलाकडे एक हवालदार पाठविला, असें पॅरिसकरांनीं वाचलें.

१९ जुलैस फ्रान्सनें युद्ध पुकारलें. २५ जुलैस लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत बेल्जमविषयींचा तो जुना खर्डा छापून आला. कागद बिस्मार्कनें पुरविला होता. इंग्लंडांत फ्रान्सविषयीं उरलीसुरली सहानुभूति त्यानें आटली. सप्टेंबरच्या आरंभीं सेदान येथें खुद्द बादशहा कैद झाला.

बेनेदेत्तीनें १८७१ सालीं आपल्या बर्लिनमधील कामगिरीवर ग्रंथ लिहून स्वतःची बाजू मांडली. १९०० सालीं तो पॅरिस येथें वारला.